आष्टीचे मुहम्मद खान नियाझी : ओसाड परगण्यात गाव वसविणारा सरदार

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गात मोगलकाळ शिकवीत होतो. बाबर, हुमायून, अकबर असे करीत जहांगीरपर्यंत आलो, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. एरवी तो तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "सर, आपण इथले की बाहेरचे?" वर्गात हशा पिकला. तो मात्र हसला नाही. क्रिकेटच्या मैदानावर कोणीतरी त्याला काही बोलले होते, हे मला मागाहून कळले. त्या दिवशी मी त्याला काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन खाली बसविले. पण शिक्षकाला आपले गुळमुळीत उत्तर रात्री झोपू देत नाही. दिल्ली-आग्र्याचा इतिहास आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ज्या वर्धा जिल्ह्यात ही मुले जन्मली, वाढली, त्या मातीत चारशे वर्षांपूर्वी काय घडले याची एक ओळही त्यांच्या पुस्तकात नसते. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे. त्याच्या पालकांनीही तो वाचावा अशी विनंती आहे.

आपल्या जिल्ह्याच्या वायव्य टोकाला आष्टी हे गाव आहे. ऑगस्ट 1942 च्या आंदोलनात तेथील तरुणांनी छातीवर गोळ्या झेलल्या, म्हणून महाराष्ट्र त्याला 'शहीद आष्टी' म्हणून ओळखतो. परंतु आष्टीची दुसरी एक ओळख त्याहून सव्वातीनशे वर्षांनी जुनी आहे. गावात एकाच आवारात शेजारी शेजारी दोन मकबरे उभे आहेत. एक मोठा, दुसरा त्याच धाटणीचा पण लहान. बांधणी अस्सल मोगल पद्धतीची. दिल्लीत पाहिले असते तर नवल वाटले नसते. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, वर्धा नदीच्या खोऱ्यात, बादशाही मुलखाच्या अगदी कडेला ही इमारत पाहून मनुष्य थबकतो. मोठा मकबरा मुहम्मद खान नियाझी यांचा, आणि लहान त्यांच्या मागून आलेल्या अहमद खान यांचा.

नियाझी ही अफगाणांची एक जमात. सिंधू नदीच्या पलीकडे, उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात नदीकाठच्या सपाटीवर जनावरे हाकीत फिरणारे हे लोक. मेंढ्या, उंट, घोडे हीच त्यांची दौलत. सूर घराण्याच्या राज्यात या जमातीचे दिवस पालटले. शेरशाहचे सरदार हैबत खान नियाझी पंजाबचे सुभेदार झाले. त्याच काळातील ईसा खान नियाझी यांचा अष्टकोनी मकबरा दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात आजही उभा आहे. सहलीला दिल्लीस गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल, नाव मात्र वाचले नसेल. पुढे नियाझींनी शेरशाहच्या मुलाविरुद्ध बंड केले आणि त्यात ते धुळीस मिळाले. मग मोगल परत आले. अकबराच्या राज्यात अफगाण म्हटला की त्याच्याकडे संशयाने पाहिले जाई. बंगालमध्ये आणि ओरिसात तर अफगाण सरदार बादशाहाशी लढतच होते. अशा काळात एका अफगाण तरुणाने मोगलांची चाकरी पत्करून नाव मिळवायचे म्हणजे दुप्पट मेहनत आली.

मुहम्मद खान यांनी ती केली. बंगालच्या मोहिमेत ते शाहबाज खान या सेनापतीच्या हाताखाली होते. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या लढायांत त्यांची तलवार चमकली. त्यांनी आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून शाहबाज खानांनी त्यांना सालाचे एक लाख रुपये देऊ केले होते, असे सांगतात. त्यानंतर ते खान-ए-खानान अब्दुर्रहीम यांच्या बरोबर सिंधमध्ये गेले. हे अब्दुर्रहीम म्हणजे ज्यांचे दोहे आपली मुले हिंदीच्या पुस्तकात वाचतात तेच रहीम. 1592 च्या सुमारास ठठ्ठ्याच्या मिर्झा जानी बेगशी जे युद्ध झाले, त्यात लखीजवळच्या लढाईत मुहम्मद खान यांनी मोठा पराक्रम केला. तेव्हापासून खान-ए-खानान त्यांचे जन्माचे मित्र झाले. अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी'त त्यांची गणना पाचशेच्या मनसबदारांत केली आहे. जहांगीरच्या कारकिर्दीत ते दोन हजारांपर्यंत चढले.

यापुढची हकीगत मला त्यांच्या सगळ्या लढायांहून मोठी वाटते. त्या दरबारात किताबांची केवढी हाव! कोणी खान-ए-जहान, कोणी खान-ए-दौरान, कोणी महाबत खान. एक किताब मिळावा म्हणून माणसे वर्षानुवर्षे दरबारात तिष्ठत असत. मुहम्मद खान यांना किताब देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. आपले नाव मुहम्मद आहे, या नावाहून मोठा किताब कोणता, असे त्यांचे म्हणणे होते. हुजूर (स. अ.) यांच्या नावाची ही अदब बादशाहालाही मोडवली नाही. आज आपल्यापैकी कित्येकांच्या नावात हे नाव आहे. शाळेच्या हजेरीपटावर आपण त्याचे 'मो.' करून टाकतो, आणि तो हजेरीपट मीच भरतो, म्हणून दोष मी स्वतःकडेही घेतो.

आता हे सिंध-बंगालचे वीर आपल्या वऱ्हाडात कसे आले ते पाहू.

1596 मध्ये चांदबीबीने अहमदनगर वाचविण्यासाठी वऱ्हाड मोगलांना सोडून दिला. कागदावर वऱ्हाड मोगलांचा झाला, पण प्रत्यक्षात पुढची तीस वर्षे तो कोणाचाच नव्हता. निजामशाहीची सूत्रे मलिक अंबर यांच्या हाती आली. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस बुद्धीने आणि हिमतीने राज्याचा आधारस्तंभ झाला होता. समोरासमोर लढायचे नाही, शत्रूची रसद तोडायची, चारा जाळायचा, मुलूख उजाड करून त्याला उपाशी मारायचे, हा त्यांचा गनिमी कावा. मोगल फौज पुढे आली की गावे रिकामी, मागे गेली की पुन्हा निजामशाही स्वार. या दोन जात्यांच्या मध्ये भरडला गेला तो वऱ्हाडचा कुणबी. बैल गेले, बी गेले, माणसे डोंगरात पळाली. 1616 मध्ये खडकीजवळ, म्हणजे पुढच्या औरंगाबादजवळ, मलिक अंबर यांच्याशी मोगलांची जी लढाई झाली तीत मुहम्मद खान नियाझी आघाडीवर होते. त्यानंतर शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दख्खनमध्ये आला. त्याच्याही हाताखाली त्यांनी चाकरी केली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. ज्या फौजांच्या पायाखाली वऱ्हाड तुडविला गेला, त्यांपैकी एका फौजेत आपले चरित्रनायक स्वतः होते. ओसाड झालेल्या मुलखात त्यांनी वस्ती केली हे खरे, पण तो ओसाड होण्यात दोन्ही बाजूंच्या सरदारांचा हात होता. एका हातातली तलवार आणि दुसऱ्या हातातला नांगर, दोन्ही त्यांचेच. इतिहास सांगताना आपल्या माणसाची फक्त उजळ बाजू दाखविली, की ऐकणाऱ्या मुलांना आपण फसवितो.

जहांगीर बादशाहाने मुहम्मद खान यांना आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे परगणे जहागीर म्हणून दिले. नावे ऐकूनच वाचकांच्या लक्षात आले असेल की हा सारा आपल्या पायाखालचा मुलूख आहे. सेलूहून वर्ध्याला जाताना धाम नदीच्या पुलावर एस.टी. येते, त्या पवनारला आज आपण विनोबाजींच्या आश्रमामुळे ओळखतो. मोगलकाळी पवनार हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. आजच्या भाषेत म्हणायचे तर जिल्ह्याचे ठिकाण. वर्धा शहराचा जन्म अगदी अलीकडचा. वेगळा वर्धा जिल्हा 1862 मध्ये झाला, आणि पालकवाडी या खेड्याच्या जागी शहर वसले ते त्यानंतर, 1866 मध्ये.

मोगलांची जहागीर म्हणजे मालकी नव्हे, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. जहागीरदाराला त्या गावांचा वसूल मिळे आणि त्यातून त्याने ठराविक घोडेस्वार बाळगायचे. तीन-चार वर्षांनी जहागीर बदले. आज वऱ्हाडात तर उद्या माळव्यात. आपल्याकडे सरकारी नोकराची बदली होते तसेच. मग अशा जहागीरदाराने विहीर कशाला खोदावी? आंबा कशाला लावावा? झाडाला फळ येईपर्यंत तो दुसऱ्याच सुभ्यात असणार! म्हणून पुष्कळ जहागीरदार हाती लागेल तेवढे ओरबाडून घेत आणि पुढे जात. त्या काळच्या युरोपियन प्रवाशांनीही ही तक्रार लिहून ठेवली आहे. मुहम्मद खान यांचे वेगळेपण येथे दिसते. ते आष्टीला राहिले. मोडकळीस आलेले गाव त्यांनी नव्याने उभारले, भोवतालची जमीन लागवडीखाली आणली, मशिदी बांधल्या, घरे बांधली, बागा लावल्या. त्यांच्या पथकात बहुतेक नियाझी अफगाणच होते. त्यांपैकी पुष्कळांची घरे आष्टीच्या आसपास झाली. सिंधूपलीकडून जनावरे हाकीत निघालेल्या एका जमातीची शाखा वर्धेच्या काठी स्थिरावली.

पडीत जमीन लागवडीला आणणे हे वाक्य लिहायला अर्धी ओळ लागते. करायला काय लागते ते आपल्या बापजाद्यांना विचारा. काळी कसदार जमीन पाच-सात वर्षे मोकळी पडली की तिच्यात कांस शिरतो. कांसाची मुळी खोल जाते आणि जाळे विणते. हरळी आणि कुंदा त्याच्या जोडीला असतातच. मग त्या जमिनीत साधा वखर चालत नाही. जड नांगराला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या जुंपाव्या लागतात. उन्हाळ्यात ढेकळे उलटी करून तापू द्यावी लागतात, आणि तरीही दुसऱ्या वर्षी कांस पुन्हा डोके वर काढतो. शिवाय अशा मोकळ्या मुलखात रान वाढते, रानात वाघ येतो आणि तो पहिल्यांदा बैलच उचलतो. म्हणजे ओसाड परगणा वसवायचा तर पहिली गरज माणसाची, आणि तिच्या बरोबरीने बैलाची. दोन्ही पळून गेलेले.

मोगल राज्यात यासाठी पद्धत ठरलेली होती. अकबराच्या काळात जमिनीचे चार वर्ग केले होते. दरवर्षी पिकणारी ती पोलज, मधूनमधून पडीत ठेवावी लागते ती परौती, तीन-चार वर्षे पडीत असलेली ती चाचर आणि पाच वा अधिक वर्षांची ती बंजर. चाचर आणि बंजर जमीन कोणी उठविली तर पहिल्या वर्षी अगदी थोडा सारा घ्यायचा, मग तो दरसाल थोडा थोडा वाढवीत पाचव्या वर्षी पुऱ्या दरावर आणायचा. आपल्या दख्खनमध्ये अशा चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत, आणि तसे अभयपत्र म्हणजे कौल. बी-बैलासाठी कर्ज ती तगाई. हा शब्द तर तहसील कचेरीत आपल्या वडिलांच्या पिढीपर्यंत चालत आला. कौल घेऊन पाटील येई, पाटलामागे कुणबी, कुणब्यामागे सुतार, लोहार, महार, तेली, चांभार. पांढरीवर घरे उठत आणि मग काळीत नांगर चाले.

ज्याची तीन-चार वर्षांनी बदली होणार आहे अशा जहागीरदाराच्या कौलावर कोणी विश्वास ठेवीत नसे. पाचव्या वर्षी हा माणूस येथे असेल काय, की नवा येऊन पहिल्याच दिवशी पुरा सारा मागेल, हा कुणब्याचा रास्त प्रश्न. ज्याने स्वतःचे घर, स्वतःची मशीद आणि स्वतःच्या लोकांची वस्ती तेथे केली, त्याच्या शब्दाला मात्र वजन असते. माझ्या मते मुहम्मद खान यांच्या यशाचे बीज येथे आहे. त्यांचा मनसब दोन हजाराचा होता, म्हणजे फार मोठा नव्हे. त्याहून कितीतरी मोठे उमराव वऱ्हाडात आले आणि गेले, त्यांची नावे येथे कोणाला ठाऊक नाहीत.

गुराढोरांचा प्रश्न राहिला. आष्टी, कारंजा, आर्वी हा भाग डोंगरउताराचा, कुरणांचा. येथील गवळी समाज पिढ्यान्पिढ्या गाई राखतो आणि त्यांनी जोपासलेली गवळाऊ जात सबंध देशात नावाजलेली आहे. पांढरी शुभ्र, चेहरा लांबट, अंग हलके, चाल झपाट्याची. या बैलांची चाल पाहावी ती शंकरपटात! मराठ्यांच्या फौजांनी सामान वाहण्यासाठी हेच बैल पसंत केले असे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नसावी. जड तोफा ओढायला ते कामाचे नाहीत, पण हलकी गाडी घेऊन दिवसभर धावायचे तर त्यांच्यासारखा बैल नाही. हे गवळी, डोंगरातील गोंड आणि सपाटीवरील कुणबी नियाझींच्या आधीपासून या मुलखात होते. म्हणून 'ओसाड' हा शब्द मी जपून वापरतो. गावे ओसाड होती, मुलूख निर्मनुष्य नव्हता. त्यातही एका पशुपालक जमातीचे लोक येथे येतात, त्यांच्या पथकाला घोड्यांसाठी गवत लागते, आणि ज्या भागात ते घर करतात तो नेमका कुरणांचाच असतो, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या आजोबाने मेंढ्या राखल्या त्याला गवताची किंमत कळते.

याच सुमारास, 1620 मध्ये, इंग्लंडमधून निघालेले 'मेफ्लॉवर' जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. सरहद्दीवर जाऊन रान तोडणारे, गुरे पाळणारे, घोड्यावर बसून कळप राखणारे जे वसाहतवाले पुढे त्या देशाचे नायक ठरले, त्यांचे चित्रपट आपण मोठ्या हौसेने पाहतो. त्यांनी तेथील मूळ रहिवाशांचे काय केले तेही जगाला ठाऊक आहे. आपल्या सरहद्दीवर गोंड, गवळी, कुणबी आपापल्या जागी राहिले आणि नव्याने आलेले पठाण त्यांच्या शेजारी राहू लागले. सारे काही गोडीगुलाबीने झाले असेल असे मी म्हणत नाही. सारा वसूल करणारा आणि सारा भरणारा यांच्यात गोडी फारशी नसतेच. पण आज आष्टीच्या बाजारात नियाझींचे वंशज कोणते आणि बाकीचे कोणते हे बोलण्यावरून ओळखून दाखवा! सगळेच "काऊन बे?" म्हणतात.

मुहम्मद खान यांच्या स्वभावाविषयी जे लिहून ठेवले आहे ते थोडे आहे, पण ठसठशीत आहे. ते पक्के धर्मनिष्ठ आणि शिस्तीचे होते. पथकातील शिपाई मेला तर त्याच्या पोरक्या मुलांना, मुले नसली तर इतर वारसांना, पगाराचा हिस्सा देण्याची त्यांची रीत होती. आज याला आपण फॅमिली पेन्शन म्हणतो आणि त्यासाठी विधवा बाईला कचेरीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात हे सांगायला नको. त्या काळात असा कायदा नव्हता. मालकाचे मन होते, एवढेच. परमुलखात मरायला माणसे का तयार होतात, आणि मेलेल्याची बायको-मुले परत सिंधूपार न जाता आष्टीलाच का राहतात, याचा उलगडा मला या एका रिवाजात दिसतो.

हिजरी 1037 मध्ये, म्हणजे इ.स. 1627-28 मध्ये, मुहम्मद खान यांचा इंतकाल झाला. जहांगीर बादशाहाचे निधनही त्याच हिजरी सालातले. मलिक अंबर तर आदल्याच वर्षी, 1626 मध्ये, गेले होते. दोघे जन्मभर एकमेकांविरुद्ध लढले, पण त्यांच्यात एक साम्य मला नेहमी जाणवते. दोघेही परक्या मुलखातून आले आणि दोघांनीही येथे गाव वसविले. एकाचे खडकी, पुढे औरंगाबाद होऊन वाढले. तेथील नहर-ए-अंबरी अभियंत्यांना आजही विचार करायला लावते. दुसऱ्याचे आष्टी लहानच राहिले.

अहमद खान यांच्या काळाची सुरुवातच कठीण झाली. 1630 ते 1632 चा दुष्काळ दख्खन-गुजरातच्या इतिहासात भयंकर म्हणून नोंदला गेला आहे. तशातही त्यांनी घराणे सावरले. शाहजहानच्या कारकिर्दीत ते अडीच हजारी मनसबदार झाले, म्हणजे वडिलांच्याही वर चढले. हिजरी 1061, इ.स. 1651 मध्ये ते वारले आणि वडिलांच्या शेजारी त्यांच्यासाठी लहान मकबरा बांधला गेला. यानंतर घराण्याला उतरती कळा लागली. पुढे वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल आला, पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या. या धाडींच्या भीतीने आपल्या जिल्ह्यात गावोगाव मातीच्या गढ्या उठल्या. आज त्यांचे उंचवटे तेवढे उरलेत. 1803 च्या देवगावच्या तहात वर्धा नदी ही सरहद्द ठरली आणि आष्टी नदीच्या अलीकडे, नागपूरच्या राज्यात राहिली. बागा आणि हवेल्या गेल्या, मकबरे राहिले.

घराणे का उतरले? सगळा दोष काळावर टाकणे सोपे आहे. मला वाटते, जहागीर आणि तलवार याखेरीज तिसरी विद्या त्या घरात आली नाही. वसूल आटला आणि तलवार निरुपयोगी झाली, तेव्हा हातात काही उरले नाही. ज्यांनी नांगर धरला होता त्या पठाणांची नातवंडे-पणतवंडे शेतकरी म्हणून टिकली. या गोष्टीवर पालकांशी मला पुष्कळ बोलायचे आहे, पण ते पालकसभेत बोलेन.

मुहम्मद खान यांचे काम त्या भागात थांबले नाही हेही सांगितले पाहिजे. पाऊणशे वर्षांनी देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी तेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारून परतलेल्या या राजाने 1702 च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नागपूर शहर वसविले. हिंदू-मुसलमान असा भेद न करता त्यांनी गुणी माणसे आणि मेहनती शेतकरी चहूकडून बोलावले. नागपूरचे इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स यांनी 1827 च्या आपल्या अहवालात कबूल केले आहे की पुढे मराठ्यांच्या कारभाराला जे यश आले त्याचा पाया या गोंड राजाने घातला होता. आपण नागपूरला बाजाराला, दवाखान्याला, परीक्षेला जातो. त्या शहराचा संस्थापक गोंड आणि मुसलमान होता, हे वर्गात विचारले तर चाळीसांपैकी दोन हात वर येतात.

कुरणांचे पुढे काय झाले? त्याचीही कहाणी विचार करण्याजोगी आहे. अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याखाली आष्टी भागातील गावे आणि गवताळ जमीन गेली. आपल्या तालुक्यातील बोर अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. वाघ वाचला पाहिजे यात वाद नाही, पण गुरे कोठे चारायची हा गवळ्याचा प्रश्न त्याच जागी आहे. शेतात ट्रॅक्टर आला आणि बैलाची गरज संपत चालली. गवळाऊ जातीच्या जपणुकीसाठी हेटीकुंडीला सरकारी पशुपैदास केंद्र आहे. विद्यार्थ्यांनी एकदा तेथेही जावे. ज्या बैलाच्या खांद्यावर हा सारा मुलूख वसला, तो नुसता चित्रात पाहून भागणार नाही.

या हिवाळ्यात नववीची मुले घेऊन आम्ही एस.टी.ने आष्टीला गेलो. वर्धा, आर्वी, मग आष्टी. जाण्यातच अर्धा दिवस गेला. फातिहा झाली. मग आवाराच्या भिंतीच्या सावलीत मुलांना वह्या काढायला लावल्या. जुन्या काळी थोर माणसाच्या मृत्यूचे साल शब्दांत गुंफण्याची रीत होती. अरबी-फारसीत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, त्यांची बेरीज म्हणजे साल. मुहम्मद खान यांच्यासाठी केलेल्या तारखेचा अर्थ 'मुहम्मद खान औलिया मरण पावले' असा आहे. एक एक शब्द फळ्याविना सांगितला. मुहम्मद, खान, औलिया, बमुर्द. खान म्हणजे खे 600, अलिफ 1, नून 50, मिळून 651. औलियाचे 48. बमुर्दचे 246. मुलांची बोटे वहीवर भराभर चालू लागली. बहुतेकांचे उत्तर 1037 आले.

तो मागच्या बाकावरचा मुलगा मात्र 1077 वर अडून बसला. तीन वेळा बेरीज केली, तीनही वेळा 1077. "सर, पुस्तक चुकलं असंल," तो म्हणाला. त्याची वही घेऊन पाहिली. मुहम्मद या नावात मधल्या मीमवर तश्दीद आहे. उच्चारात ते दोनदा येते म्हणून त्याने चाळीस दोनदा धरले होते. बरोबर आलेल्या मौलवी साहेबांनी त्याला जवळ घेऊन समजावले की तारखेत अक्षर लिहिले जाते तितकेच मोजतात, तश्दीद मोजत नाहीत. मीम 40, हे 8, मीम 40, दाल 4, झाले 92. त्याने जुना आकडा खोडला, नवा लिहिला, पुन्हा बेरीज केली. मग वही मिटून उठला आणि एकटाच मोठ्या मकबऱ्याच्या भोवती एक फेरी मारून आला. तोवर रस्त्यावर बस येऊन उभी राहिली होती.